विकाऊ वाडा आणि त्याची गिऱ्हाइके

अमक्यांनी वाडा विकायला काढला, हे वाक्य बडोद्याच्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात गेली तीस-चाळीस वर्षे अधूनमधून कानी पडते. पूर्वी ते हलक्या आवाजात सांगितले जाई. आता दलालाची पाटी दिंडीदरवाज्यावर उघड टांगलेली असते. पाटीवर 'वाडा' हा शब्द मात्र क्वचितच आढळतो. गुजरातीत 'वाडो' म्हणजे घरामागची कुंपणाची मोकळी जागा. वाडा विकणे आहे असे लिहिले तर गिऱ्हाईक परसू पाहायला येईल, ही दलालांची भीती. म्हणून आपले वाडे पाटीवर 'हेरिटेज हवेली' होतात.

हे वाडे कोणी व कशासाठी बांधले, ते विकण्याची पाळी कशी आली आणि आज जे गिऱ्हाईक येते ते नेमके कशाला भुलून येते, याचा थोडा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. इंदूरचे, लष्कर-ग्वाल्हेरचे किंवा बेळगावचे वाचक आपापल्या गल्लीतील एखादा वाडा डोळ्यांपुढे आणून हे वाचतील तरी चालेल. महसूल खात्याच्या नोकरीत जमिनींचे व घरांचे दस्तऐवज वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे वास्तूकडे पाहताना माझी नजर खांबांच्या आधी कागदाकडे जाते, एवढे आरंभी सांगून ठेवतो.

पिलाजीराव गायकवाडांचे मूळ ठाणे सोनगड. १७३४ पासून बडोदे गायकवाडांकडे कायम झाले आणि पुढे तीच राजधानी ठरली. चार दरवाजे आणि मधोमध मांडवी अशी या कोटाची आखणी. दरबारापाठोपाठ फडणीस, मुजुमदार, शिलेदार, शास्त्री, वैद्य, पुराणिक, कारकून असा सारा दक्षिणी समाज इथे आला आणि कोटाच्या आत जागा पुरेना तेव्हा पश्चिमेच्या बाजूस पसरला. मालकाच्या हाकेला हजर राहता यावे म्हणून चाकरीच्या जवळ घर, हा या वस्तीचा मूळ हेतू होता. वाडा हे वैभवाचे चिन्ह होते हे खरे, पण त्याआधी ते चाकरीचे ठिकाण होते. देवडीवर पहारा, बाहेरच्या चौकात कचेरी, सोप्यावर येणारेजाणारे, आणि आतल्या चौकापासून पुढे घरच्यांचे राज्य.

वाडा मोजत ते खणांत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. चार खणांचा सोपा, पाच खणांचे माजघर, असे बोलले जाई. भिंत हवी तिथे घाला, हवी तेव्हा काढा. तुळयांचा भार खांबांवर असल्यामुळे घर उभेच राहते. पुण्याच्या पेठांतून आलेल्या या पद्धतीला बडोद्यात गुजराती सुतारांचा हात लागला. संस्थानच्या नवसारी प्रांतात सोनगड-व्याऱ्याची सागाची जंगले होती, आणि लाकूड कोरण्याची परंपरा तर गुजरातची जुनीच. चौक मराठी, पण खांबावरचे हस्त, सज्जाचे कठडे आणि दारांच्या चौकटी गुजराती, असे एक मिश्र घर इथे तयार झाले. तांबेकर वाडा हा त्याचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना. भाऊ तांबेकर हे गणपतराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८४९ ते १८५४ या काळात दिवाण होते. त्या वाड्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारतातील प्रसंग आहेत आणि इंग्रज-मराठ्यांची लढाईही आहे. आज तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे त्याच्या विक्रीचा प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न आहे तो त्याच्या आसपासच्या, दिवाणाच्या नसलेल्या, साध्या कारकुनांच्या आणि शास्त्र्यांच्या वाड्यांचा.

एक समजूत आपल्या घराघरांत आहे की वाडा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या अचल राहिलेली ठेव, आणि तो विकणारी आपली पिढी पहिलीच करंटी. जुने कागद वाचणाऱ्याला हे पटत नाही. वाडे गहाण पडत, सावकाराकडे जात, भावाभावांत वाटले जात, चाकरी सुटली की रिकामे होत. वाड्याचा उपयोग बदलणे हीही नवी गोष्ट नव्हे. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधविला. पेशवाई जाऊन तीन वर्षे होतात तोच, १८२१ मध्ये, तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तो पुढे वापरातच राहिला. शनिवारवाड्याच्या १८२८ च्या आगीनंतर जे उरले ते जोते आणि तट. आपल्या बडोद्यात खासेराव जाधवांच्या ज्या घरात श्रीअरविंदांचे वास्तव्य होते, ते दांडिया बाजारातील घर आज अरविंद निवास म्हणून जपले गेले आहे. ते टिकले याचे कारण त्याला नवे काम मिळाले.

आपल्या वाड्यांचे जुने काम कधी संपले, याची तारीख बरीच नेमकी सांगता येते. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार गेला, आणि दरबाराजवळ राहण्याचे कारणही गेले. पुढच्या दशकात इनामे व जहागिरी रद्द करणारे कायदे झाले. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारा जमिनीचा मालक झाला. वाड्याची दरसालची कौले-डागडुजी ज्या खेड्यातल्या उत्पन्नातून होई ते उत्पन्न असे आटले. मग बाहेरचा चौक भाड्याने गेला. तिथे १९४७ चा भाडे नियंत्रणाचा कायदा आडवा आला. भाडे जागच्या जागी गोठले आणि भाडेकरू काही हलेना. मालक दुरुस्ती करीना, कारण भाड्यात तिचा खर्च निघेना. भाडेकरू करीना, कारण घर त्याचे नव्हे. पावसाने जेवढे वाडे पाडले त्याहून अधिक या दोघांच्या अबोल्याने पाडले, असे माझे मत आहे.

त्याच सुमारास शहराने तोंड फिरविले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, १९६० नंतर खत कारखाना आणि तेलशुद्धीकरण कारखाना आले आणि नोकरी कोटापासून दूर गेली. मुले अलकापुरीत, कारेलीबागेत, मांजलपुरात राहू लागली. त्यांची मुले पुण्यास, बंगळुरास आणि अमेरिकेस. वाड्यात उरली ती एखादी विधवा आत्या किंवा अविवाहित काका, आणि त्यांच्यामागे कुलूप.

विक्रीची गोष्ट इथून सुरू होते, आणि ती गिऱ्हाइकापासून नव्हे, वारसांपासून सुरू होते. मूळ पुरुष निवर्तल्यावर ज्याने कागदावर वाटणीच केली नाही, त्याच्या चौथ्या पिढीत वीस-पंचवीस सह्या लागतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा सहदायाद म्हणून हक्क मान्य झाला, हे न्याय्यच झाले. परंतु सासरी गेलेल्या आत्याची सही कशाला, असे म्हणणारे बंधू आजही भेटतात. याच दुरुस्तीने राहत्या घराची वाटणी मागण्यास स्त्रीवारसांना जी अडचण होती तीही दूर केली. दोन तरतुदी मात्र आपल्या घरांतून कोणाला ठाऊक नसतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पहिल्या वर्गातील वारसांपैकी एक जण आपला हिस्सा विकू लागला तर इतरांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. आणि १८९३ च्या वाटणीच्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेऊन वाटणीचा दावा लावला, तर कुटुंबातील हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा स्वतः घेऊ शकतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना परका माणूस माजघरात येऊन बसण्याची भीती समजली होती. याखेरीज गुजरातेत १९९१ च्या कायद्याने अशांत म्हणून अधिसूचित झालेल्या भागांत घराच्या हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि जुन्या बडोद्याचे बरेच भाग त्यात आहेत. त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले म्हणजे व्यवहार झाला, असे इथे समजू नये.

आता गिऱ्हाइकांकडे वळू. सर्वांत आधी येतो तो जागेचा गिऱ्हाईक. तो वाड्यात शिरतदेखील नाही. रस्त्यावरून दर्शनी बाजू पावलांनी मोजतो. त्याच्या हिशेबी वाडा ही जागेवरची अडगळ, आणि ती उतरविण्याचा खर्च तो किमतीतून वजा करतो. सरकारी हिशेबही त्याच्याच बाजूचा. गुजरातेत मुद्रांक आकारण्यासाठी जी जंत्री आहे तिच्यात जमिनीचा दर वेगळा आणि बांधकामाचा वेगळा. बांधकाम जितके जुने तितका घसारा अधिक. एप्रिल २०२३ मध्ये जंत्रीचे दर दुप्पट झाले, पण त्याने वाडा महाग झाला नाही, वाड्याखालची माती महाग झाली. जुन्या मराठी सनदांत जमीन देताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी मोजदाद असे. काष्ठ आणि पाषाण निदान नावाने तरी उच्चारले जात. आताच्या दस्तऐवजात चतुःसीमा आणि चौरस मीटर, एवढेच.

काष्ठाची आठवण ठेवणारा दुसरा गिऱ्हाईक असतो. त्याला वाडा नको, खांब हवेत. जुना साग घनफुटावर मोजून, आणि कोरीव हस्त व दारे नगावर. हा व्यापार आजचा नव्हे. अमेरिकेतील लॉकवुड डी फॉरेस्ट याने १८८१ मध्ये अहमदाबादेस मगनभाई हठीसिंग यांच्यासह काष्ठकामाचा कारखाना काढला. अहमदाबादच्या पोळांतील घरांसारखे कोरीव सज्जे अमेरिकेतील श्रीमंत घरांत बसू लागले. त्याचे स्वतःचे घर १८८७ मध्ये न्यूयॉर्क शहरात, दहाव्या रस्त्यावर उभे राहिले. विटांच्या घरांच्या रांगेत त्या एकाच घराला सागवानी गवाक्ष आहे. ते घर पुढे विकले गेले, हात बदलले, आणि विद्यापीठाच्या वापरात आले, पण गवाक्ष जागच्या जागी आहे. डी फॉरेस्टने निदान कारागिरांना काम देऊन नवे कोरवून घेतले. पण पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा सागवानी मंडपही न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. डी फॉरेस्ट बंधूंनी तो १९१६ मध्ये तिथे दिला. पाटण तेव्हा आपल्या बडोदे संस्थानात होते. तिथे तो उत्तम जपला गेला आहे, हे मान्य करून मी पुढे जातो.

तिसरा गिऱ्हाईक अलीकडचा. त्याला वाडा वाडा म्हणूनच हवा असतो. जुलै २०१७ मध्ये अहमदाबादला युनेस्कोने जागतिक वारसा नगराचा दर्जा दिला, आणि तेव्हापासून तेथील पोळांतील घरे घेऊन दुरुस्त करणाऱ्यांची चर्चा वाढली. गोव्यात पणजीच्या फोंताइन्यश भागातील आणि खेड्यांतील जुन्या घरांना दिल्ली-मुंबईचे गिऱ्हाईक त्याच्याही आधीपासून आहे. बडोद्यास हा मनुष्य उशिरा आला. कोणी वास्तुशिल्पी असतो, कोणी परदेशातून परतलेला, कोणी पाहुण्यांसाठी चार खोल्या काढू इच्छिणारा. तो काय पाहतो हे आपण समजून घेणे आवश्यक आहे, कारण ज्या गोष्टींना आपण त्रास म्हणत आलो त्यांचेच तो मोल करतो. जाड भिंतींमुळे वैशाखातही थंड राहणारे माजघर, चौकातून चारी बाजूंच्या खोल्यांना मिळणारा उजेड, देवडीतून आत शिरताच रस्त्याचा आवाज मागे पडणे, आणि बाजार, देऊळ, सूरसागर हे सारे पायी गाठता येणे. खणांची रचना त्याला फार आवडते. भिंती हलवून स्नानगृहे बसविता येतात हे त्याचा अभियंता त्याला सांगतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत कोसळल्या त्या मुख्यतः नव्या बहुमजली इमारती. लाकडी सांगाड्याची पोळांतील घरे बहुतांशी उभी राहिली. ही गोष्ट तोच आपल्याला ऐकवितो आणि आपण मान डोलावतो.

त्याच्या प्रेमाला मर्यादा आहेत, त्याही सांगावयास हव्यात. मोटार दारापर्यंत येत नाही असे कळताच निम्मे रसिक परत फिरतात. उरलेल्यांपैकी काही जण घर घेतात आणि ज्या चौकावर भाळले त्यावरच पहिल्या पावसाळ्याआधी फायबरचा पत्रा घालतात. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणारे तर बहुसंख्य. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडते, आणि भिंतीत पुरलेली लाकडे दहा-पंधरा वर्षांत कुजतात. वाळवीला याहून चांगले आमंत्रण नाही.

आमच्या भागातील एका वाड्याच्या विक्रीत हे तिन्ही गिऱ्हाईक मी एकामागून एक पाहिले. कागद पाहण्यासाठी कुटुंबाने मला बोलाविले होते, म्हणून तपशील ठाऊक. नावे सांगण्याचे कारण नाही. दोन चौकांचा वाडा, चार शहरांत विखुरलेले अकरा वारस, मागच्या चौकात एक भाडेकरू. जागेचा गिऱ्हाईक प्रथम आला व एक आकडा टाकून गेला. नंतर एक दांपत्य आले. त्यांनी दोन दिवस घालवून खण मोजले, तुळया ठोकून पाहिल्या, विहिरीत दोर सोडला, आणि जागेच्या किमतीहून थोडी अधिक रक्कम देऊ केली. अट एवढीच की वाडा जसा आहे तसा मिळावा. भाडेकरूशी बोलणेही त्यांनीच केले व ते जुळत आले. सह्या गोळा होण्यास आठ महिने लागले. या आठ महिन्यांत वारसांपैकी कोणाला तरी वाटले की देवडीचे कोरीव दार आणि सोप्यावरचे चार हस्त आधीच काढून विकले तर सर्वांना वरखर्च सुटेल. भंगारात जाण्यापेक्षा बरे, असेही कोणी म्हणाले. दार गेले. हस्त काढताना वरची तुळई सरकली व माडीचा एक कोपरा खाली बसला. दांपत्य पुन्हा आले, देवडीच्या मोकळ्या चौकटीत थोडा वेळ उभे राहिले आणि नम्रपणे निघून गेले. वाडा अखेर पहिल्या गिऱ्हाइकाकडे, त्याच्या पहिल्या आकड्याहून कमी किमतीत गेला. बसलेल्या कोपऱ्याचे कारण दाखवून त्याने आणखी रक्कम वजा केली. दार आणि हस्त यांचे जे पैसे आले ते अकरा वाट्यांत किती उरले असतील, हे वाचकांनीच ताडावे.

विकूच नये असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. दोन हजार मैलांवर बसून कुलूपबंद वाड्यावर अभिमान बाळगणे सोपे आहे. त्याची पन्हळ कोण साफ करणार? ज्याला तो हवा आहे त्याच्या हाती जाणे, मग तो गुजराती असो, मारवाडी असो वा परदेशस्थ, हे वाड्याच्या दृष्टीने चांगलेच. परंतु विकावयाचा तर एकसंध विकावा. दार वेगळे, लाकूड वेगळे, जागा वेगळी अशी त्याची फोड केली की घराचा गिऱ्हाईक उरत नाही, आणि तोच एक असतो जो मातीच्या भावाहून अधिक देण्यास तयार असतो.

आणि वाड्याबरोबर त्याचे कागदही. आपल्याकडे वाडा रिकामा करताना भांडी वाटली जातात, देव कोणीतरी नेतो, आणि मोडीतील रुमाल रद्दीत जातात, कारण ते वाचता येणारा घरात कोणी नसतो. त्या रुमालांत खरेदीखत असते, गहाणखत असते, वाटणीपत्र असते, कधी सुताराच्या मजुरीचा हिशेब असतो. त्यांना आता रोख किंमतही येऊ शकते, हे सांगितले तर कदाचित ऐकले जाईल. गुजरात सरकारने २०२० मध्ये पाच वर्षांसाठी जे वारसा पर्यटन धोरण जाहीर केले त्यात १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंमध्ये निवासगृह, उपाहारगृह वा संग्रहालय काढणाऱ्यांना साहाय्य देऊ केले होते. अशा वेळी वास्तू त्या तारखेपूर्वीची आहे हे दाखविणारा कागद लागतो, आणि मिळकतपत्रिकेवर घराचे वय लिहिलेले नसते. ते असते जुन्या खतात, घरपट्टीच्या पावतीत, किंवा आजोबांनी सरपणाच्या हिशेबाशेजारी टिपून ठेवलेल्या माडी चढविल्याच्या तारखेत. आमच्या भागातील त्या वाड्याचे रुमाल मी मागून घेतले आहेत. सात आहेत, पहिल्या दोहोंचे लिप्यंतर झाले असून, त्यांतील एक माजघरावरील माडीच्या सागवानाचा हिशेब आहे.